स्वतःच्याच नावावर हरकत

आई फोनवर दर आठवड्याला विचारते, "नोकरी पक्की झाली का रे?" मी म्हणतो, "होईल." मग ती विचारते, "पण काम काय असतं तुला?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. खिडकीत बसतो, लोकांची घरं संगणकात भरतो, असं सांगितलं की ती विषय बदलते. तिला वाटतं, पोरगं काहीतरी लपवतंय.

तर ह्या अंकाच्या निमित्तानं आईला आणि तुम्हालाही एकदाच सांगून टाकतो. मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, घरात खाणारी तोंडं जास्त होती. पाण्याच्या पाइपलाइनच्या टोळीबरोबर रत्नागिरी जिल्ह्यात आलो आणि काम संपल्यावर टोळी परत गेली तरी मी राहिलो. ज्या छोट्या नगरपंचायतीत आता काम करतो तिचं नाव लिहीत नाही. माझी नेमणूक कंत्राटदारामार्फत आहे आणि कंत्राटदार दिवाळी अंक वाचत नसला तरी त्याची बायको वाचते.

मला खिडकीत बसवलं ते राणे मॅडमनी. त्या कर विभागातल्या लिपिक. व्हॉल्व्हच्या झाकणांवर मी रंगानं आकडे घालत होतो, ते त्यांनी येता-जाता बघितले. म्हणाल्या, "अक्षर बरं आहे तुझं. टायपिंग शिकतोस का?" दुपारच्या सुट्टीत स्वतःचा डबा अर्धा मला देऊन त्यांनी मला टायपिंग शिकवलं. आज माझ्या पोटात जे जातं त्यातला पहिला घास त्यांचा, हे मी कुठंही सांगेन. पण उपकाराचं एक असतं, की माणूस निवांत होत नाही. आपल्या हातून चूक झाली तर बोल त्यांना लागेल, ही धास्ती मला रोज खिडकी उघडताना असते. अजून आहे.

आता धंद्याचं सांगतो. नगरपंचायतीत प्रत्येक घराची आकारणी असते, म्हणजे घर केवढं, कोणाच्या नावावर, घरपट्टी किती. ही नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असं उताऱ्यावर खाली बारीक छापलेलंही असतं. पण बारीक छापलेलं कोण वाचतं? बँक तोच उतारा मागते, वीजवाले तोच मागतात, भाऊ भावाला कोर्टात तोच दाखवतो. त्यामुळं त्या नोंदीतलं नाव म्हणजे माणसाचा जीव की प्राण.

दोनेक वर्षांपूर्वी आमची नगरपंचायत एका प्रयोगासाठी निवडली गेली. सगळ्या आकारणीच्या नोंदी ब्लॉकचेनवर टाकायच्या. पुण्याहून तन्मय नावाचा इंजिनियर आला. गोरा, सभ्य, उकाड्यानं हैराण. त्यानं सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं, पण कोणाला कळलं नाही. शेवटी राणे मॅडम म्हणाल्या, "म्हणजे चिऱ्याच्या भिंतीसारखं का?" चिरा म्हणजे इकडच्या लाल जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. एकावर एक थर रचत भिंत वर नेतात. खालच्या थरातला एक चिरा बदलायचा तर वरची सगळी भिंत उतरवावी लागते, आणि ती उतरवताना अख्ख्या वाडीला दिसते. तन्मय म्हणाला, "एक्झॅक्टली!" शिवाय ही भिंत एकाच्या घरी नाही, तिची नक्कल चार ठिकाणी उभी असते. एका ठिकाणी कोणी गुपचूप चिरा काढला तर बाकीच्या तीन भिंती बोंब मारतात.

मला ते ऐकून घामच फुटला. आजवर चूक झाली तर मॅडम म्हणायच्या, खोड आणि वर सही कर. आता नोंद एकदा सील झाली, म्हणजे त्या भिंतीत बसली, की खोडता येणार नव्हतं. वरून प्रत्येक नोंदीला भरणाऱ्याचा ऑपरेटर आयडी कायमचा चिकटणार होता. माझी नोकरी कंत्राटी आणि माझी चूक कायमची, असा तो प्रकार.

त्याच महिन्यात दुसरी गंमत झाली. गुहागरकडचा एक जहाजावरचा माणूस आमच्या हद्दीत पर्यटकांसाठी खोल्या बांधून राहिला होता. तो घरपट्टी भरायला आला आणि मोबाइल पुढं करून म्हणाला, "कॉइनमध्ये घेता काय? पगारातले मी त्यातच टाकलेत." मी म्हटलं, रोख, चेक नाहीतर यूपीआय. तो म्हणाला, "तुमी काय सुधारणार नाय. तिकडं बंदरावर कॉफीवाला घेतो." त्यानं लेखी अर्जच दिला. अर्ज वर गेला, वरून पत्र आलं, सर्वसाधारण सभेत ठराव झाला : कोणताही कर वा फी आभासी चलनात स्वीकारली जाणार नाही.

हा ठराव फलकावर लागला. त्याच्याच शेजारी, एकाच खिळ्याला, दुसरी सूचना : मालमत्तांच्या नोंदी ब्लॉकचेनवर नेण्यात येत आहेत, हरकती असल्यास मुदतीत दाखल कराव्यात. लोकांनी दोन्ही कागद एका दमात वाचले. दुसऱ्या दिवशी खिडकीला रांग.

"अरे घाटी, आमची घरा तू त्या बिटकॉइनात घालतंस?" एक म्हातारी काठी आपटून विचारत होती. घाटावरून आलेला म्हणून मी इकडं घाटी. आता मला ते नावासारखंच झालंय.

"नाही आजी, कॉइन वेगळं, हे वेगळं."

"मग दोनी कागद एका खिळ्याक कशाक?"

मी बाहेर जाऊन दुसरा खिळा ठोकला.

हरकती मात्र धो धो आल्या. एकानं शेजाऱ्याच्या फणसाची फांदी आपल्या कौलावर येते म्हणून त्याच्या घराच्या नोंदीवर हरकत घेतली. एकीनं जावेच्या पडवीवर घेतली, आणि जावेनं हिच्या न्हाणीघरावर. सगळ्यांचं म्हणणं एकच, माझं नाव लावा, नाहीतर त्याचं काढा. स्वतःचं नाव काढा म्हणून आलेला माणूस मी एकच बघितला.

भागोजीबाबा बौद्धवाडीतले. मुंबईत गोदीत नोकरी केलेले, निवृत्त होऊन गावी येऊन राहिलेले. अंगानं काटक, पांढरा सदरा, खिशाला पेन. खिडकीत आले आणि म्हणाले, "वाडीतल्या विहाराचा उतारा काढ."

मी काढला. मालकाच्या रकान्यात भागोजीबाबांचं संपूर्ण नाव.

"हां. हे नाव काढ."

मी म्हटलं, "बाबा, हे तुमचंच आहे."

"म्हणून तर बोलतोय. दुसऱ्याचं काढ बोललो असतो तर भांडण झालं असतं."

गोष्ट अशी होती. पूर्वी इथं ग्रामपंचायत होती तेव्हा वाडीनं श्रमदानानं विहार बांधला. पुरुष बहुतेक मुंबईत, त्यामुळं खाणीवरून चिरे आणले बायकांनी, डोक्यावरून. आकारणीच्या वेळी ग्रामसेवकानं विचारलं, कोणाच्या नावावर लावू? सगळ्यांनी सुट्टीवर आलेल्या भागोजीला पुढं ढकललं, कारण तो भरवशाचा आणि पट्टी मुंबईहून मनिऑर्डरनं पाठवील अशी खात्री. इकडं ही रीतच आहे. वाडीची विहीर, वाडीचं सभागृह, काहीही असो, नाव एकाचं लावायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. लिहून काही ठेवायचं नाही. लिहायला सांगणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

"इतकी वर्षं काय नाय झालं," बाबा म्हणाले. "पण आता तू सील करणार. मी मेलो की तुझं मशीन काय करील?"

मी खरं ते सांगितलं. मृत्यूची नोंद झाली की वारस आपोआप सुचवले जातात. वारसांच्या मोबाइलवर ओटीपी जातो. त्यांनी हो म्हटलं की नाव चढलं. मग विहार त्यांच्या दोन मुलांचा. तो थर रचला की खालचा चिरा निघत नाही.

"म्हणजे वाडीनं वंदनेला बसायचं तर माझ्या पोरांना विचारून."

"कागदावर, बाबा."

"कागदावर झालं की पाठोपाठ माणसात होतं. गोदीत बघितलंय मी."

मी पडद्यावरची यादी उघडली. मालकाचा प्रकार : वैयक्तिक, संयुक्त, संस्था. संस्था निवडली की नोंदणी क्रमांक मागते, त्याशिवाय पुढं जात नाही. वाडीचं मंडळ होतं, पण नोंदलेलं नव्हतं. मुळात मंडळं दोन होती, एक गाव मंडळ आणि एक मुंबई मंडळ, आणि अध्यक्ष कोणाचा ह्यावर त्यांची नोंदणी वर्षानुवर्षं अडलेली. 'वाडी' असा पर्याय यादीत नव्हता. तन्मयला फोन केला. तो म्हणाला, "वाडी ही कायदेशीर व्यक्ती नाहीये ना." तो चुकीचं बोलत नव्हता.

बाबांनी सूचनेचा कागद पुन्हा वाचला. "हरकत कोण घेऊ शकतो?"

"ज्याचा नोंदीशी संबंध आहे असा कोणीही."

"माझा आहे. आण अर्ज."

असा त्यांनी स्वतःच्याच नावावर हरकतीचा अर्ज टाकला. संगणकानं तो दोनदा परत फेकला, कारण हरकतदार आणि धारक एकच असू शकत नाही असं त्याला शिकवलेलं होतं. शेवटी मॅडमनी अर्जावर हातानं आवक क्रमांक घातला आणि म्हणाल्या, "मशीन घेत नसेल तर ऑफिस घेईल."

सुनावणीला मुख्याधिकारी साहेब बसले. तरुण माणूस, नुकतेच परीक्षा देऊन आलेले, ह्या प्रयोगाच्या उद्घाटनाची तारीख डोक्यावर. मी कोपऱ्यात नोंदी घ्यायला.

"हरकतदार कोण?"

"मी, साहेब."

"नोंद कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं.

"मग ह्यात तुमचा हितसंबंध काय?"

"माझा ह्यात हितसंबंध नाय, हीच हरकत हाय साहेब."

साहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. माणूस चांगला. त्यांनी नियम चाळले, तन्मयला विचारलं, मॅडमना विचारलं आणि आदेश दिला : विक्री, बक्षीस, वारसा झाल्याशिवाय धारकाचं नाव काढता येत नाही, पण वाडीतल्या सगळ्या घरांची संमती असेल तर नोंद 'संयुक्त' करून सगळ्यांची नावं लावता येतील. संमती आधारच्या मोबाइलवरच्या ओटीपीनं. मुदत संपायच्या आत. आणि एक जरी घर राहिलं तरी नोंद आहे तशी सील.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "झालं. आपलीच माणसं, किती वेळ लागतोय?"

मलाही तसंच वाटलं होतं.

वाडीत राहती घरं थोडी. बाकीची कुलपं. माणसं विरार, कळवा, डोंबिवली, एक तर पार मस्कतला. ती जयंतीला येतात, मे महिन्यात येतात. मुदत त्याच्या आधी संपत होती. तेव्हा फोन लावायचं ठरलं. मॅडमनी ऑफिसचा फोन दिला आणि मी सुरुवात केली.

"नमस्कार, मी नगरपंचायतीतून प्रल्हाद बोलतोय. तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तो मला सांगा."

खट्. फोन बंद.

दुसरा. "ओटीपी? थांब हां, तुझ्या आयशीला सांगतो ओटीपी." खट्.

तिसरी एक बाई कळव्याची, शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकलेले दिसता, मग असले धंदे का करता?" मला वाईट वाटलं, कारण आयुष्यात प्रथमच मला कोणी शिकलेला म्हटलं होतं.

बँकेनं, पोलिसांनी, टीव्हीनं सगळ्यांना एवढं शिकवून ठेवलंय की ओटीपी बापालाही सांगू नये. आणि माझा आवाज. "तू आमच्या गावचा नायस," एकानं सरळच सांगितलं. "आमच्या गावचा असशील तर सांग, विहिरीकडं उतरणारी पाखाडी कुणाच्या परड्यातनं जाते?" पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. मी वाडीत तोवर पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हटलं, "शाळेच्या बाजूनं." तो म्हणाला, "वा रे चोरा," आणि सायबर पोलिसांचा नंबर मलाच सांगितला.

कोणी खरंच तक्रार केली तर नाव येणार राणे मॅडमच्या टेबलाचं. मी त्यांना म्हटलं, "हे आपण सोडून देऊ या का? आपलं काम भरायचं, भांडायचं नाही." त्या फाइल बांधत होत्या. म्हणाल्या, "तुला मी खिडकीत बसवलं तेव्हा मलाही असंच सांगितलं होतं लोकांनी." एवढंच. मी फोनची यादी परत काढली.

दुसऱ्या दिवशी भागोजीबाबांनाच खुर्ची टाकून फोनशी बसवलं. नंबर मी लावायचा, बोलायचं त्यांनी.

"हां गो, मी भागोजीबाबा. नंबर सांग तो आलेला… अगो नाय, बँकेतला नाय, विहाराचा… नातू कसा हाय?... सांग, सांग."

भराभर संमत्या येऊ लागल्या. ओटीपी दहा मिनिटंच चालतो आणि बाबांचं प्रत्येक बोलणं तब्येतीपासून सुरू व्हायचं, तेव्हा मी समोरून घड्याळ दाखवायचो आणि ते हातानं मला दटावायचे. एक पुतण्या मात्र ऐकेना. म्हणाला, "हल्ली आवाजपण बनवतात. तुमी बाबा कशावरून?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "मेल्या, सातवीत नापास झालास तवा बापाच्या भयानं कोणाच्या बिऱ्हाडात लपला होतास? पोटमाळ्यावर कोण जेवण पोचवत होतं? आवाज बनवतात! बनवून दाखव असा!"

मग हळूच आकडे आले.

मुंबई मंडळाच्या अध्यक्षांनी वेगळीच अट घातली. संमती देऊ, पण यादीत मुंबईकरांची नावं आधी. हे गाव मंडळाला कळलं तेव्हा तिकडून निरोप आला, की मग आमच्या दिलेल्या संमत्या परत द्या. मी बाबांना सांगितलं, संमती परत देता येत नाही, भिंतीतला चिरा झाला तो. ते म्हणाले, "असं त्यांना सांगू नको, मुंबईवाले ऐकून घाबरतील." शेवटी तन्मयनं फोनवर तोडगा काढला. नावं अक्षरांच्या क्रमानं लागतील, अ पासून. कोण आधी, कोण मागं हे कोणाच्याच हातात नाही. अध्यक्षांचं नाव अनंत होतं. ते लगेच तयार झाले.

मग राहिलं एक घर. भागोजीबाबांचा थोरला मुलगा विलास. नालासोपाऱ्याला राहतो, वाडीच्या यादीत त्याचं घर वेगळं मांडलेलं, म्हणून त्याची संमती वेगळी. धाकट्यानं पहिल्याच दिवशी दिली होती. विलास फोन उचलायचा, "बाबा, मी कामात हाय, मग करतो," म्हणायचा आणि करायचा नाही. बाबांनी मला त्याचं काही सांगितलं नाही. फक्त यादी वाचताना ते नाव आलं की दुसरीकडं बघायचे.

मुदत संपायच्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर विलास स्वतः उभा. गाडीतून उतरून थेट आलेला, पाठीला बॅग. मला म्हणाला, "तुम्ही प्रल्हाद ना? एक काम करा. माझी संमती नाही असं दाखवा आणि संपवा. बाबांचं नाव हाय तसं राहू द्या. तुमचं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं, हे खरं होतं. मी कर्मचारीसुद्धा धड नव्हतो. मी म्हटलं, "बाबा येतीलच आता."

बाबा आले. बापलेक खिडकीच्या त्या बाजूला उभे, मी ह्या बाजूला. मला उठून जावंसं वाटत होतं, पण खिडकी सोडायची नाही असा नियम.

"जेवलास काय?" बाबांनी विचारलं.

"गाडीत खाल्लं." मग विलासचा बांध फुटला. "बाबा, मी चोर नाय. मला विहार विकायचा नाय. पण तुमी आमाला एका खोलीत वाढवलात, मी माझ्या पोरांना एका खोलीत वाढवतोय. तीपण भाड्याची. मला कोण विचारतं, गावी काय हाय तुझं, तर सांगायला एक भिंत नाय. माझ्या वाट्याचं घर पडलं, ते उभं करायला जमलं नाय. ही एक भिंत तुमच्या नावावर हाय. कागदावर तर कागदावर. ती पण तुमी स्वतः जाऊन काढताय. बाप असा असतो?"

रांगेतली माणसं एकदम फलक वाचू लागली.

बाबांनी खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. मग म्हणाले, "ती भिंत तुझ्या आयशीनं डोक्यावरनं आणलीन. तू पोटात होतास तवा. हे खरं हाय."

"मग?"

"मग शेवंतानं पण आणलीन. अनंताच्या आयशीनं आणलीन. त्या कळव्याच्या पोरीच्या आजीनं आणलीन, तिचा तर पाय अधू. कोणता चिरा कुणाचा, तू मला दाखव. दाखवलास की तेवढा भाग तुझ्या नावावर लावून देतो. हा प्रल्हाद साक्षी."

विलासनं खाली बघितलं. मोबाइल त्याच्या हातात होता. मी त्याला न विचारता ओटीपी पाठवला, का ते मला अजूनही सांगता येत नाही. मोबाइल वाजला. त्यानं आकडे बघितले आणि मोबाइल खिशात टाकून तो बाहेर निघून गेला.

दहा मिनिटं गेली. ओटीपी मेला. बाबा बाकावर बसले, काही न मागता. राणे मॅडमनी त्यांना चहा दिला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. दुपारी साहेब डोकावून गेले. "ते विहाराचं झालं का? नसेल तर आहे तसं सील करा, संध्याकाळी पोर्टल बंद होईल." मी "हो सर" म्हटलं. मनात येत होतं, तो येत नाही, आणि मलाच ते बटण दाबावं लागणार. बाबांच्या समोर. माझ्या आयडीनं.

सव्वा-साडेचारला विलास परत आला. चपलांना लाल माती, पँटवर कुसळं. वाडीत जाऊन आला होता. तिथं काय बघितलं, कोणाशी बोलला, त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

"पाठवा परत," तो मला म्हणाला.

मी पाठवला. त्यानं आकडे एकेक करून सांगितले, बापाकडं न बघता. पडद्यावर हिरवी खूण आली. सगळी घरं हिरवी.

आता सील करण्याआधी यादी धारकाला वाचून दाखवायची असते. हा नियम मॅडमचा, मशीनचा नव्हे. मी बाबांना खिडकीशी बोलावलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. अनंत, अशोक, कळव्याची ती बाई, गौतम, मस्कतचा जनार्दन. बाबा डोळे मिटून ऐकत होते, प्रत्येक नावाला मान हलत होती. मधेच कुठंतरी त्यांचं स्वतःचं नाव आलं. न पहिलं, न शेवटचं. मी सवयीनं थांबलो.

"पुढं वाच," ते म्हणाले.

मी पुढं वाचत गेलो. मनोहर, रमेश, लक्ष्मण, आणि मग विलास भागोजी. विलास दाराशी बॅग घेऊन उभा होता.

"थांब," बाबा म्हणाले. "ते परत वाच."

मी परत वाचलं, जरा मोठ्यानं, दारापर्यंत जाईल असं.

"हां. आता कर सील."